खाल्ल्या मिठाला

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
भांडुपहून आकडे येतात.
वरचा, खालचा, आणि बाजूला बारीक अक्षरांत नाडी.
दवाखान्याच्या टॅबवर माझ्या वाट्याची दोनशे अकरा नावं,
हिरवी, पिवळी, लाल.
लाल नावाला त्याच दिवशी फोन,
पिवळ्याला आठवड्याच्या आत,
हिरव्याला नुसता अंगठा
(मराठीतला नव्हे, फोनवरचा).

हसुराम जोमा केणी, वय अडुसष्ट,
मार्चभर लाल होते.
एप्रिलात एका सोमवारी एकदम हिरवे.
शहाण्णव, अठ्ठावन्न.
डॉक्टर सबनीस म्हणाल्या, बघ, गोळी लागू पडली.
मी अंगठा पाठवला. नऊ दिवस पाठवत राहिले.
दहाव्या दिवशी नजर त्या बारीक अक्षरांवर गेली:
नाडी एकशे दोन.
अडुसष्टाव्या वर्षी कुणाचं काळीज
असं उड्या मारत शाळेत जातं?

दुपारी गेले. हायवेच्या पलीकडे,
शहर जिथे अजून ठरवतंय, पुढे सरकायचं का.
केण्यांच्या ओट्यावरून मिठागरं दिसतात,
म्हणजे त्यांची जागा दिसते:
बांध, गवत, साचलेलं पाणी,
कुणाच्या तरी मालकीचा गंजका फलक.
मशीन शोकेसमध्ये, क्रिकेटच्या ढालींशेजारी.
त्याच्या पट्ट्यावर
मोरपिशी नेलपॉलिशचा डाग.

ऋत्वी, इयत्ता चौथी,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
आजोबांचा हात घातला की ते लाल होतं.
लाल झालं की आजी जेवत नाही.
माझा घातला की हिरवं होतं.

मी रागवायच्या तयारीने आले होते.
सुकटीचं नाव काढलं, पापडाचं, लोणच्याच्या बरणीचं.
केणीकाका ऐकत राहिले, मग म्हणाले,
"चाळीस वर्सं मिठात उभा होतो, पोरी.
पायाला भेगा, भेगेत मीठ.
उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं, कधी कोंडायचं,
ते सांगायला तवा मशीन नव्हतं.
आता तू सांगतेस ताटातलं उचल.
खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

या वाक्यासाठी टॅबमध्ये रकाना नाही.
थोडा वेळ मी पट्ट्यावरचा डाग नखाने खरवडत बसले.
काका, तुम्ही जागलात, म्हटलं,
आता ते मीठ तुम्हाला जागवतंय.
रात्री किती वेळा उठता?
"तीनदा," ते म्हणाले, आणि मग,
आपणच पकडून दिलं स्वतःला, म्हणून हसले.

ऋत्वीला सांगितलं, लाल म्हणजे नापास नाही.
मग काय?
लाल म्हणजे मला फोन.
तिने हे तपासून घेतलं. रविवारीसुद्धा?
रविवारी नाही, म्हटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आतून हिरूबाय आल्या,
हाताला तांदळाचं पीठ, दारात थांबल्या.
"म्हणजे नऊ दीस मी खोट्यावर जेवले?"
कुणी काही बोललं नाही.
गॅसवर भाकरी करपल्याचा वास येईपर्यंत
कुणी हललंही नाही.

दुसऱ्या दिवशी सात दहा. काही नाही.
सात पंचवीस. काही नाही.
मी एका पिवळ्या नावाशी बोलत होते,
गोळ्या संपल्यात, मुलगा सुरतेला आहे, वगैरे,
तेव्हा, सात एकतीसला, टॅब थरथरला.
एकशे अडुसष्ट, एकशे दोन.
लाल. भडक लाल.
आणि बाजूला, बारीक अक्षरांत, चौऱ्याहत्तर,
बांधावरून सवयीने चालणाऱ्या माणसाची नाडी.

डॉक्टरांना निरोप ठेवला, गोळी वाढवावी लागेल बहुतेक.
मग नियमाप्रमाणे फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
"आला का?"
आला, काका.
"माझाच हाय," ते म्हणाले.